कंपनी बंद, कपात आणि 'बाहेरचा स्वस्त माल' : मराठवाड्यातल्या कामगारांचे वारंवार येणारे प्रश्न

वाळूजला मी कामगारांचे अर्ज भरून देतो, पीएफचे आणि विम्याचे कागद लावून देतो. फोन बहुतेक रात्री येतात, दुसरी पाळी सुटल्यावर. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले जास्त असतात, त्याखालोखाल जालन्याच्या रोलिंग मिलमधले, आणि अधूनमधून नांदेड-लातूरकडचे. अलीकडं सुरुवात ठरलेली असते: "भाऊ, बाहेरचा माल स्वस्त आला, आमची लाईन बंद करणारेत. सरकार काही देतं का?" तेच तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, म्हणून उत्तरं त्यांना धरून दिली आहेत. त्याआधी कपात (म्हणजे कामगार कमी करणं) झाली असेल तर जुना औद्योगिक विवाद कायदा बघावा लागतो. फरक पडतो तिथं तसं लिहिलंय.

1. आयात मालामुळं नोकरी गेली, तर त्यासाठी सरकारची खास योजना आहे का?

नाही. नोकरी आयातीमुळं गेली म्हणून वेगळी मदत देणारी योजना आपल्या देशात आज नाही. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या योजनेबद्दलचे असतात. तिथं 1962 च्या व्यापार कायद्यात अशी मदत आली आणि 1974 च्या कायद्यानं ती वाढवली. आयातीमुळंच काम गेलं हे कामगारांनी अर्ज करून दाखवायचं, मग प्रशिक्षण आणि भत्ता मिळायचा. 1 जुलै 2022 पासून तिथंही नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलंय. युरोपीय संघाचा असा निधी 2007 पासून आहे, पण त्यासाठी साधारण 200 माणसं एकदम कामावरून गेलेली असावी लागतात.

आपल्याकडं जवळ जाणारे दोन प्रयत्न झाले. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी 1986 ला पुनर्वसन निधी आला. तीन वर्षं उतरत्या क्रमानं मदत मिळायची, पगाराच्या 75, मग 50, मग 25 टक्के. 1992 ला उदारीकरणाबरोबर राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला, पण तो मुख्यतः सरकारी उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीतच खर्ची पडला.

आता जे मिळतं ते तुकड्यातुकड्यानं गोळा करावं लागतं. यातली एक गोष्ट कामगाराच्या बाजूची आहे. नोकरी चीनमुळं गेली की मालकाच्या पोराच्या उधळपट्टीमुळं, हे इथं कुणी विचारत नाही. नोकरी कशी गेली हे विचारतात, म्हणजे कागदावर 'कपात' लिहिलंय का 'राजीनामा'. या पानावरची निम्मी उत्तरं शेवटी याच दोन शब्दांपाशी येतात.

2. मग थोडक्यात सांगा, कुठून काय मिळू शकतं?

कंपनीकडून: राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, नोटिशीचा पगार, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी, आणि नव्या संहितेतला पुनर्कौशल्य निधी, म्हणजे नवं काम शिकायला मिळणारे पैसे (प्रश्न 4 ते 6). ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा): बेकारीचा भत्ता आणि दवाखाना (प्रश्न 8 ते 11). पीएफ कार्यालयाकडून: तुमचेच साठलेले पैसे आणि पेन्शनचा हक्क (प्रश्न 12 आणि 13).

3. एचआरवाले म्हणतात, राजीनामा लिहून दे, हिशोब दोन दिवसांत करतो. लिहून देऊ का?

नका देऊ. सगळ्यात जास्त नुकसान या एका सहीनं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून नोकरी सोडलेली असते. मग कपातीची भरपाई नाही, नोटिशीचा पगार नाही, पुनर्कौशल्य निधी नाही, ईएसआयचा बेकारी भत्ता नाही, आणि पुढं कंपनीनं परत भरती काढली तर जुन्या माणसाला मिळणारा अग्रहक्कही नाही. उरतं ते फक्त पगार, रजा, बोनस, पीएफ आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. म्हणजे जे कोणत्याही परिस्थितीत तुमचंच होतं, तेच तुम्हाला 'लगेच देतो' म्हणून दाखवलं जातं.

'लगेच' यातही उपकार नाही. माणूस राजीनाम्यानं जावो, कपातीनं जावो की कारखाना बंद पडल्यानं जावो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं वेतन संहितेतच लिहिलंय.

स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तर घाई करू नका. वर्षाला 45 दिवसांचा पगार देत असतील तर ती कपातीच्या 15 दिवसांपेक्षा भारी पडू शकते. पण स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बेकारी भत्ता मिळत नाही, तेवढी रक्कम वजा करून मगच तुलना करा. प्रश्न 5 मधला हिशोब आपल्या आकड्यांनी करून बघा.

गेटवर अडवून, केबिनमध्ये बसवून सही घेतलीच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं कळवा: "अमुक तारखेला माझ्याकडून दबावानं सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर हजर व्हायला तयार आहे." दोन-तीन ओळी पुरतात. सहा महिन्यांनी लिहिलेल्या दहा पानांपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या दोन ओळींना वजन असतं. खात्यावर पैसे जमा झाले असतील तर "हक्क राखून स्वीकारले" एवढं त्यातच लिहा.

रांजणगाव शेणपुंजीचा एक जण माझ्याकडं आला तेव्हा राजीनाम्याला चार महिने झाले होते. नोकरी अकरा वर्षांची. कागद छापील होता, नाव आणि तारीख तेवढी हातानं भरलेली. त्याच्याबरोबरच्या बावीस जणांचा मजकूर हाच. बावीस माणसं एकाच दिवशी 'घरगुती कारणामुळं' नोकरी सोडतात, असं कुठं असतं का? तुमच्याकडं असं झालं असेल तर एकट्यानं तक्रार करू नका. सगळ्यांच्या कागदांच्या प्रती एकत्र जोडा, तोच तुमचा पुरावा.

4. कायद्यानं कपात करायची म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

एक वर्षाची सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह. नोटीस नको असेल तर महिन्याचा पगार. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. शिवाय सरकारला कळवणं. मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं असेल तर 'सलग वर्ष' धरतात. रविवारच्या सुटीचे आणि भरपगारी रजेचे दिवस कसे मोजले, यावरून इथं भांडणं होतात, म्हणून हजेरीचे कागद जपा.

शेवटी आलेला आधी जातो, हा नियम त्या त्या कामाच्या वर्गात लागू आहे. वेगळं काही केलं तर मालकानं कारण नोंदवायला हवं. वर्षाच्या आत त्याच जागांवर भरती निघाली तर कपात झालेल्यांना आधी बोलवावं लागतं.

300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा 100 होता. मराठवाड्यातले बरेच पुरवठादार कारखाने 100 ते 300 च्या मधले आहेत. ते सगळे आता परवानगीच्या बाहेर गेले, त्यांना फक्त नोटीस आणि भरपाई पुरते. मला विचाराल तर संहितेतला हा सगळ्यात महागात पडलेला बदल आहे.

5. माझा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये, नोकरी 9 वर्षं. आकडा काढून दाखवा.

कपातीची भरपाई: अर्ध्या महिन्याचे 7,800 गुणिले 9, म्हणजे 70,200.
ग्रॅच्युइटी: इथं महिना 26 दिवसांचा धरतात. 15,600 भागिले 26 म्हणजे रोजचे 600. गुणिले 15, गुणिले 9, म्हणजे 81,000.
नोटिशीचा पगार: 15,600.
पुनर्कौशल्य निधी: 15 दिवसांचे 7,800. हा मालकानं भरायचा असतो आणि कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा.

बेरीज 1,74,600 रुपये. रजा, बोनस आणि राहिलेला पगार यात धरलेला नाही.

राजीनामा दिला असता तर याच चार ओळींतली फक्त ग्रॅच्युइटी उरली असती. म्हणजे एका सहीची किंमत 93,600 रुपये, आणि ईएसआयचा भत्ता गेला तो वेगळाच.

बारीक गोष्ट: ग्रॅच्युइटीत शेवटचं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं तर पूर्ण धरतात. भरपाईत 'सरासरी पगार' महिन्यावर काम करणाऱ्याला मागच्या तीन पूर्ण महिन्यांवरून काढतात. त्या तीन महिन्यांत ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं) असेल तर आकडा घसरतो. काही ठिकाणी कपातीआधी मुद्दाम ले-ऑफ देतात, त्याच्याकडं लक्ष ठेवा (प्रश्न 17).

6. ग्रॅच्युइटी घेतली की भरपाई मिळत नाही, असं ऑफिसात सांगितलं. खरं का?

खोटं. ग्रॅच्युइटी ही केलेल्या सेवेची रक्कम, भरपाई ही नोकरी गेल्याची. दोन्ही मिळतात. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. आमच्याकडं सगळे 'ग्रॅज्युटी' म्हणतात. अर्जावर मात्र स्पेलिंग बरोबर लिहा, कारकून त्यावरूनही कागद परत करतात.

7. कंपनीची नोटीस आली: "परदेशी स्वस्त मालामुळं माल गोदामात पडून आहे, तोटा झाला, परिस्थिती आमच्या हाताबाहेरची आहे, म्हणून भरपाई तीन महिन्यांच्या पगाराइतकीच." हे चालतं?

हे वाक्य वकिलाला विचारून लिहिलेलं असतं, कारण कायद्यात अशी सवलत खरंच आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य परिस्थितीमुळं कारखाना कायमचा बंद झाला तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा जास्त द्यावी लागत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढं काय लिहिलंय ते नोटिशीत नसतं. निव्वळ आर्थिक अडचण, त्यात तोटाही आला, न विकलेल्या मालाचा साठा, भाडेपट्टा संपणं, या कारणांनी बंद केलेला कारखाना अपरिहार्य परिस्थितीत बंद झाला असं मानता येत नाही. जुन्या कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

म्हणजे आयातीमुळं माल खपला नाही, तोटा झाला, हेच कारण असेल तर तीन महिन्यांची मर्यादा लागू होत नाही. पूर्ण वर्षांप्रमाणं भरपाई. वीस वर्षं झालेल्या माणसाला तीन महिन्यांच्या जागी दहा महिन्यांचा पगार मिळतो. नोटीस फेकू नका. त्यातलं 'माल पडून आहे' हे वाक्य उद्या तुमच्याच कामाला येणार आहे.

8. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणजे काय? कुणाला मिळते?

ईएसआयचा तात्पुरता बेकारी भत्ता. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. योजना 1 जुलै 2018 ला सुरू झाली तेव्हा दर 25 टक्के होता, कोविडच्या काळात 50 केला. ती ठरावीक मुदतीसाठी वाढवत नेतात, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्या.

अटी: नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं विम्याखालची नोकरी, लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी, आणि त्या दोन वर्षांतल्या बाकीच्या तीनपैकी एका कालावधीतही किमान 78 दिवस. ईएसआयचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी गेल्यापासून 30 दिवसांनी हक्क सुरू होतो. अर्ज एक वर्षाच्या आत करायचा. तो ऑनलाईन भरतो, आधार आणि बँक खातं जोडलेलं लागतं.

मिळत नाही ते असे: राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेले, निवृत्तीचं वय झालेले. प्रश्न 5 मधल्या माणसाला रोजचे 520 धरले तर 260 रुपयांनी 90 दिवसांचे 23,400 होतात.

9. आणि राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना? ती हीच का?

वेगळी, आणि कारखाना बंद किंवा कपात असेल तर बहुतेकदा जास्त फायद्याची. 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद झाला, कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या इजेनं 40 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर 24 महिने भत्ता: पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. दोन वर्षांची वर्गणी लागते. त्या काळात घरच्यांसकट दवाखानाही चालू राहतो. प्रश्न 1 मधला कापड गिरण्यांचा जुना निधी 2017 ला याच योजनेत मिसळला.

15,600 पगारवाल्याला पहिल्या वर्षी महिना सुमारे 7,800 आणि दुसऱ्या वर्षी 3,900. दोन वर्षांचे मिळून 1,40,400. लोकांना अटलचं नाव माहीत असतं, याचं नसतं. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. म्हणून तुमचा कागद 'बंद' किंवा 'कपात' असा स्पष्ट असेल तर शाखेत आधी याची चौकशी करा.

10. नोकरी गेली, पण आईचं डायलिसिस ईएसआयवर चालू आहे. कार्ड लगेच बंद होतं का?

लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबरमधल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ असतो, ऑक्टोबर ते मार्चमधल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. समजा ऑगस्टमध्ये नोकरी गेली आणि एप्रिलपासून 78 दिवस भरले होते, तर पुढच्या 30 जूनपर्यंत आधार आहे. चिकलठाण्याच्या विमा रुग्णालयात किंवा तुमच्या दवाखान्यात पात्रतेची प्रिंट दाखवा. काउंटरवर कुणी "कंपनी बंद, कार्ड बंद" म्हणालं तर शाखा कार्यालयात जा, घरी परतू नका. प्रश्न 9 ची योजना मंजूर झाली तर मुदत आणखी वाढते.

11. राजीनामा दिलेला नाही, तरी ईएसआय पोर्टलवर 'लेफ्ट सर्व्हिस' दिसतंय.

कंपनी दर महिन्याची वर्गणी भरताना शून्य दिवसांपुढं कारण निवडते. यादीत 'रिट्रेंचमेंट' वेगळं आहे आणि 'लेफ्ट सर्व्हिस' वेगळं. बऱ्याचदा क्लार्क सवयीनं दुसरं टाकतो, कधी मुद्दामही टाकतात. अटल किंवा राजीव गांधीचा अर्ज इथंच अडतो. कपातीचं पत्र किंवा बंदीची नोटीस जोडून कंपनीला दुरुस्तीसाठी लेखी कळवा, प्रत शाखा व्यवस्थापकाला. पत्रच मिळालेलं नसेल तर प्रश्न 21.

12. पीएफ पूर्ण कधी काढता येतो?

जुना नियम असा होता: महिना बेकार राहिल्यावर 75 टक्के, दोन महिन्यांनी सगळा. 13 ऑक्टोबर 2025 ला विश्वस्त मंडळानं तो बदलायचं ठरवलं: 75 टक्के लगेच, उरलेले 25 टक्के बारा महिने बेकार राहिल्यावर, आणि पेन्शनची रक्कम 36 महिन्यांनी. अर्जाच्या दिवशी पोर्टल काय दाखवतं ते बघून पुढं जा.

पेन्शनबद्दल मात्र घाई करू नका. दहा वर्षं झाली असतील तर रक्कम काढता येत नाही, 58 ला पेन्शन मिळते. 50 नंतरही घेता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कमी. नऊ वर्षं झालेल्या माणसानं पैसे काढले की पोटात गोळा येतो. स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनच्या सेवेचा दाखला) घ्या, पुढच्या कारखान्यातली सेवा त्यात जोडली जाते.

कंपनी सोडल्याची तारीख टाकत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर टाकू शकता.

13. पाच वर्षं झाली नव्हती म्हणून पीएफमधून टॅक्स कापला. परत मिळतो का?

पाच वर्षांआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो, पण त्याला अपवाद आहे. मालकाचा धंदा आटोपल्यामुळं, कमी केल्यामुळं, आजारपणामुळं किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं नोकरी गेली असेल तर ती रक्कम करमुक्त आहे. कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. पुरावा पुन्हा तोच, कपातीचं पत्र. कपातीची भरपाईसुद्धा 5 लाखांपर्यंत करमुक्त आहे.

14. मी ठेकेदाराकडं होतो. कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, ठेकेदार फोन उचलत नाही.

वाळूजमधली निम्मी कहाणी हीच. पगार ठेकेदारानं बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करते, हे जुन्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. कपातीची भरपाई ठेकेदाराकडं मागायची असते, कारण कागदावर मालक तो. ईएसआय आणि पीएफ मात्र तुमच्या नावावर आहे, तीन ठेकेदार बदलले तरी यूएएन एकच असायला हवा. तीन यूएएन निघाले असतील तर आधी ते एकत्र करून घ्या, नाहीतर सेवा तुटक दिसते. दर सात महिन्यांनी 'ब्रेक' देत असतील तर 78 दिवसांची अट कुठं मोडते, ते ईएसआयच्या वर्गणीच्या यादीत महिन्यागणिक बघा.

15. आयटीआय करून अप्रेंटिस लागलो होतो.

अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नसतो, त्यामुळं भरपाई आणि बेकारी भत्ता दोन्ही नाही. पण 'ट्रेनी' असं नाव देऊन चार वर्षं पूर्ण उत्पादन काढून घेतलं असेल आणि अप्रेंटिसचा करारच नोंदलेला नसेल, तर गोष्ट वेगळी. प्रश्न 21 प्रमाणं तक्रार करा.

16. माझी ऑर्डर दोन वर्षांची 'फिक्स टर्म' होती, नवी दिली नाही. ही कपात का?

मुदत संपून गेलेली नोकरी कपात धरली जात नाही, म्हणून भरपाई नाही. मात्र नव्या संहितेत मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पाच वर्षांची अट त्याला नाही. दोन वर्षांची ग्रॅच्युइटी मागा. मुदत संपायच्या आधीच काढलं असेल तर प्रश्न 4 वाचा.

17. काढलं नाही, पण तीन आठवडे घरी बसवलंय, म्हणतात माल साठलाय.

हा ले-ऑफ. साठा वाढणं हे त्याचं कायदेशीर कारण आहे. 50 किंवा जास्त कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्ष झालेल्याला ले-ऑफच्या दिवसांचे बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के मिळतात. बदली आणि कॅज्युअल कामगार यात येत नाहीत. 300 किंवा जास्त कामगार असतील तर ले-ऑफलाही परवानगी लागते. रोज एकदा ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी द्या आणि मोबाईलमध्ये तारखेचा फोटो काढा. "आलाच नाही" म्हणून पैसे कापल्याचे प्रकार मी पाहिलेत.

18. मी सुपरवायझर होतो, पगार 24,000. हे सगळं मला लागू आहे का?

अर्धवट. देखरेखीचं काम आणि महिना 18,000 पेक्षा जास्त पगार असेल तर संहितेत तुम्ही कामगार नाही, त्यामुळं कपातीची भरपाई कायद्यानं मागता येत नाही, नियुक्तीपत्रातल्या अटी बघाव्या लागतात. पण नाव सुपरवायझर आणि काम मशीन चालवायचं, असं पुष्कळ असतं. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व आहे. ग्रॅच्युइटी आणि पीएफ तुम्हालाही आहे. ईएसआय 21,000 पर्यंतच्या पगाराला असतो, तो कधी ओलांडला ते तपासा.

19. कंपनी दिवाळखोरीत, मुंबईच्या एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) गेली. आता आमचं काय?

प्रक्रिया सुरू झाली की वसुलीच्या दाव्यांना स्थगिती येते, म्हणून नुसती कामगार न्यायालयाची तारीख धरून बसू नका. दिवाळखोरीचं काम बघणारा व्यावसायिक नेमला की तो जाहीर सूचना काढतो. कामगारांनी आपला दावा पुराव्यासह त्याच्याकडं ठरलेल्या मुदतीत नोंदवायचा, सगळ्यांचा मिळून एक दावाही चालतो. पुढं कंपनी मोडीत निघाली तर आधीच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं बसतात. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे निधी विकायच्या मालमत्तेत धरतच नाहीत. दावा न नोंदवलेल्याला कुणी शोधत येत नाही.

20. पोलादावर सरकारनं आयात शुल्क लावलं म्हणतात. जालन्याच्या आमच्या मिलला फायदा?

एप्रिल 2025 मध्ये 200 दिवसांसाठी 12 टक्के तात्पुरतं संरक्षण शुल्क लागलं ते सपाट पोलादावर, म्हणजे पत्रा, कॉइल, प्लेट यांवर. जालन्यात बनते ती सळई, ती लांब उत्पादनांत मोडते. त्यामुळं सरळ फायदा नाही. वाळूजला पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्यांचा तर कच्चा माल महाग होतो, हे आतबट्ट्याचं आहे.

शुल्काचे पैसे सरकारी तिजोरीत जातात, कामगाराला त्यातला रुपया मिळत नाही. पण अँटी-डंपिंगच्या (बाहेरचा माल पडेल भावात इथं ओतल्याच्या) चौकशीत देशी उद्योगाला झालेली इजा मोजताना रोजगार आणि मजुरीवरचा परिणामही बघतात. अर्ज उद्योगानंच करायचा असतो, व्यापार उपाय महासंचालनालयाकडं. तुमच्या कपातीचा आकडा मालक दिल्लीत पुरावा म्हणून देतो आणि इकडं तुमच्याकडून राजीनामा घेतो, तर तिकडचा अर्ज इकडं तुमच्या कामाचा आहे. असे अर्ज आणि निष्कर्ष जाहीर होतात, युनियननं ते काढून वाचावेत.

21. तक्रार कुठं आणि किती दिवसांत?

आधी जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज, पोच घेऊन. तिथं समेटाचा प्रयत्न होतो. 45 दिवसांत काही झालं नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडं जाऊ शकतो. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती, त्या भरवशावर बसलेले आता अडचणीत येतात.

जोडायला: नियुक्तीपत्र, पगार स्लिपा, हजेरी कार्ड, यूएएन पासबुक, ईएसआय वर्गणीची यादी, बँकेचं स्टेटमेंट. स्लिपा मिळतच नसतील तर बँकेत दर महिन्याला जमा झालेला पगार आणि पीएफ पासबुक एवढ्यावरही नोकरी सिद्ध होते.

22. गावाकडं जाऊन धंदा टाकायचा विचार आहे. काही मदत?

महाराष्ट्राचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून आहे, त्यात प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान आणि बाकीचं बँकेचं कर्ज. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून. बँक मंजूर करेपर्यंत भरपाईचे पैसे संपवू नका. आणि गावी गेलात म्हणून प्रश्न 9 चा भत्ता बंद होत नाही. दुसरीकडं नोकरीला लागलात तर मात्र होतो, आणि ते लपवून घेतलेला भत्ता वसूल करतात.

23. मी बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि कपातीच्या यादीत माझं नाव आलं.

ताई, त्या काळात काढता येत नाही. ईएसआय कायद्यात आणि प्रसूती लाभाच्या तरतुदीत ते सरळ मना आहे, अशी नोटीसच टिकत नाही. 26 आठवड्यांचा प्रसूती लाभ ईएसआयकडून येतो, कंपनीकडून नाही, म्हणून कंपनी बंद झाली तरी आधीच्या दोन कालावधींत 70 दिवसांची वर्गणी असेल तर तो पूर्ण मिळतो. तेवढ्या काळात बेकारी भत्ता मिळत नाही, त्याचा अर्ज लाभ संपल्यावर करा. घरच्यांच्या हातून एचआरला कोणताही सहीचा कागद पाठवू नका.